एकाच नाकपुडीचा घोळणा: किशोरवयीन मुलांमधील अँजिओफायब्रोमा कसा ओळखावा आणि त्यावर उपचार कसे करून घ्यावेत

मार्च महिना सुरू झाला की ठाण्यातल्या माझ्या दवाखान्यात घोळणा फुटलेली मुले येऊ लागतात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात त्यांची संख्या पुन्हा वाढते. त्यांपैकी बहुतेकांचे रक्त नाकाच्या अगदी पुढच्या भागातून, म्हणजे मधल्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून आलेले असते. नाक कोरण्याची सवय, सर्दी, अ‍ॅलर्जी किंवा कोरडी हवा एवढेच त्याचे कारण असते आणि दहा-पंधरा मिनिटे नाक नीट दाबून धरल्यावर ते थांबते. हे आधीच सांगतो, कारण पुढचा मजकूर वाचून प्रत्येक घोळण्याला घाबरावे असा माझा हेतू नाही. मात्र या मुलांच्या गर्दीत क्वचित एखादा असा मुलगा असतो, ज्याच्या नाकाच्या पाठीमागे एक गाठ महिनोन्महिने वाढत असते आणि घरातले सगळे त्याला उष्णता कमी व्हावी म्हणून सब्जाचे पाणी आणि गुलकंद देत असतात. हा लेख त्या एका मुलासाठी, त्याच्या पालकांसाठी आणि त्याला सर्वांत आधी पाहणाऱ्या फॅमिली डॉक्टरांसाठी आहे.

या गाठीचे पूर्ण नाव ज्युवेनाइल नेझोफॅरिंजियल अँजिओफायब्रोमा असे आहे. ही गाठ कर्करोगाची नव्हे. ती शरीरात दुसरीकडे पसरत नाही, संसर्गाने होत नाही आणि खाण्यापिण्यातल्या चुकीमुळेही होत नाही. डोके आणि मान या भागांतील सर्व गाठींमध्ये तिचे प्रमाण फार तर अर्धा टक्का आहे. ती जवळजवळ नेहमी मुलग्यांनाच होते आणि तीही साधारण १० ते २५ या वयात, विशेषतः चौदा-पंधराव्या वर्षाच्या आसपास. वयात येतानाच्या पुरुषी संप्रेरकांशी तिचा संबंध असावा, असे यावरून मानले जाते. नाकाच्या बाजूच्या भिंतीत अगदी मागे काही मिलिमीटरांचे एक छिद्र असते. त्यातून नाकाला रक्त पुरवणारी मुख्य धमनी आत येते. या छिद्राच्या आसपास गाठीचा उगम होतो आणि तेथून ती वाट मिळेल तिकडे सरकते: नाकात, घशाच्या वरच्या भागात, सायनसमध्ये, गालामागच्या पोकळीत, डोळ्याच्या खोबणीत आणि फार उशीर झाला तर कवटीच्या तळाशी.

गाठ साधी असूनही धोकादायक का ठरते, हे तिच्या रचनेवरून समजते. निरोगी रक्तवाहिनीला इजा झाली की तिच्या भिंतीतील स्नायू आकसतात, वाहिनीचे तोंड मिटते आणि रक्त थांबण्यास मदत होते. या गाठीतील अनेक रक्तवाहिन्यांना हा स्नायूंचा थर नसतो किंवा तो अपुरा असतो. तंतुमय मांसात जागोजागी उघड्या राहिलेल्या फटींसारख्या त्या असतात आणि एकदा फाटल्या की त्यांना आकसता येत नाही. म्हणूनच या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना पुढच्या पानांची वाट न पाहता येथेच लिहितो: किशोरवयीन मुलाच्या एका नाकपुडीत मांस दिसत असेल आणि त्याच बाजूने वारंवार रक्त येत असेल, तर स्कॅन होण्यापूर्वी त्या मांसाचा तुकडा कोणालाही काढू देऊ नये.

घरी काय पाहावे

काही वर्षांपूर्वी कळव्याहून एक आई आपल्या नववीतल्या मुलाला घेऊन आली. तिने पिशवीतून कालनिर्णयाची तीन महिन्यांची पाने काढून टेबलावर पसरली. दुधाच्या खाड्यांच्या आणि गॅस सिलिंडरच्या नोंदींच्या शेजारी तिने लाल पेनाने वर्तुळे केली होती आणि प्रत्येक वर्तुळाखाली बारीक अक्षरात लिहिले होते: ‘उ, शाळेत’, ‘उ, रात्री, उशी भिजली’, ‘उ, घशात उतरले’. एकूण अकरा वर्तुळे होती आणि अकराही ठिकाणी ‘उ’ म्हणजे उजवी बाजू होती. ‘डा’ एकदाही नव्हते. आधी जेथे दाखवले होते तेथील चिठ्ठीवर ‘पॉलिप’ (नाकात लोंबणारी साधी, मऊ वाढ) असे लिहून पुढच्या आठवड्यात तुकडा काढण्यासाठी बोलावले होते. त्या तीन पानांनी मला निदानाच्या निम्म्या वाटेवर आणून सोडले, आणि तुकडा काढण्याआधी स्कॅन झाला. तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला अशी नोंद ठेवायला सांगतो. तारीख, बाजू, अंदाजे किती वेळ रक्त येत होते आणि ते पुढून आले की घशात उतरले, एवढे लिहिले तरी पुरते.

रक्ताइतकेच महत्त्व नाक चोंदण्याला आहे. निरोगी माणसाच्याही दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या मोकळ्या नसतात. काही तासांच्या अंतराने एक बाजू थोडी मिटते आणि दुसरी उघडते. सर्दी आणि अ‍ॅलर्जीतही चोंदलेली बाजू बदलत राहते. गाठीमुळे चोंदलेली बाजू मात्र बदलत नाही आणि आठवड्यागणिक अधिकच बंद होत जाते. हे पाहण्यासाठी एखादी लहान स्टीलची ताटली पाण्याखाली धरून कोरडी पुसावी, ती मुलाच्या नाकाखाली आडवी धरावी आणि त्याला तोंड मिटून नेहमीसारखा श्वास सोडायला सांगावे. स्टीलवर वाफेचे दोन ठसे उमटतात. एका बाजूचा ठसा उमटतच नसेल किंवा नखाएवढाच राहत असेल, तर हीच कृती आठवडाभर सकाळ-संध्याकाळ करून पाहावी. पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेली ताटली वापरू नये, कारण आपल्याकडच्या दमट हवेत ती श्वासाशिवायही धुरकट होते. ही ताटली निदान करीत नाही. डॉक्टरांकडे जाण्याचे कारण मात्र स्पष्ट करते.

बोलण्याकडेही लक्ष द्यावे. म आणि न ही अक्षरे उच्चारताना हवा नाकातून जावी लागते. नाकामागची जागा भरली असेल तर ‘मामा’ हा शब्द ‘बाबा’सारखा ऐकू येतो आणि ‘माझे नाव’ हे ‘बाझे दाव’ असे होते. वयात येताना मुलांचा आवाज फुटतोच, त्यामुळे घरच्यांना हा बदल त्याच खात्यातला वाटतो. परंतु आवाज जाड होणे वेगळे आणि नाक बंद असल्यासारखे बोलणे वेगळे. त्याचबरोबर झोपेत तोंड उघडे राहणे, नव्याने सुरू झालेले घोरणे, वास कमी येणे आणि त्याच बाजूच्या कानाला दडा बसून कमी ऐकू येणे ही लक्षणे असू शकतात. कान आणि घसा यांना जोडणाऱ्या नळीचे तोंड गाठीने बंद झाल्यामुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साठते, हे कानाच्या तक्रारीचे कारण आहे. बहुधा दुखत काहीच नाही, आणि न दुखणाऱ्या आजाराला उशीर होतोच.

गाल एका बाजूने फुगणे, एक डोळा पुढे आल्यासारखा दिसणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे किंवा नजर कमी होणे ही गाठ बरीच पसरल्याची चिन्हे आहेत. यांपैकी काहीही आढळले तर पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

नाकात टाकण्याच्या थेंबांविषयी येथेच सांगतो. नाक मोकळे करणारे थेंब दुकानातून सहज मिळतात आणि अनेक मुले ते महिनोन्महिने टाकत असतात. आठवड्याहून अधिक काळ वापरले तर त्या थेंबांमुळेच नाक चोंदू लागते आणि मूळ कारण झाकले जाते. थेंब सुरू असल्यास डॉक्टरांना त्यांचे नाव आणि किती दिवसांपासून सुरू आहेत, हे सांगावे.

घोळणा फुटलेला असताना

मुलाला बसवावे आणि मान किंचित पुढे झुकवावी. आडवे झोपवू नये आणि मान मागे करू नये, कारण त्यामुळे रक्त थांबत नाही, ते फक्त घशात उतरते आणि नंतर उलटी होते. नाकाचा खालचा मऊ भाग अंगठा आणि बोट यांच्यामध्ये घट्ट धरावा. वरच्या हाडावर दाबून उपयोग होत नाही, आणि ही चूक मी शाळेतल्या शिक्षकांपासून खेळाच्या प्रशिक्षकांपर्यंत सगळीकडे पाहतो. घड्याळ लावून दहा ते पंधरा मिनिटे, मध्ये एकदाही सोडून न पाहता, दाबून ठेवावे. तोंडात आलेले रक्त गिळू न देता भांड्यात थुंकायला सांगावे. किती रक्त गेले याचा अंदाज त्यामुळे डॉक्टरांना देता येतो. कांदा हुंगवल्याने किंवा डोक्यावर पाणी ओतल्याने रक्त थांबत नाही. ते आपोआप थांबण्याच्या वेळी ओतलेल्या पाण्याला श्रेय मिळते आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच उपाय होतो. नाकात कापूस कोंबू नये. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या देऊ नयेत; ताप किंवा दुखणे असेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल द्यावे.

या गाठीचे रक्त मागच्या भागातून येते, त्यामुळे पुढून नाक दाबूनही ते घशात उतरत राहू शकते. असे होत असेल तर ते निदानाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे आणि तातडीच्या दृष्टीनेही. पंधरा-वीस मिनिटांत रक्त थांबले नाही, मूल पांढरे पडले, घाम फुटला किंवा चक्कर आली, तर १०८ क्रमांकावर फोन करावा आणि ज्या रुग्णालयात रक्ताची सोय आहे तेथेच जावे. घोडबंदर रोडवर संध्याकाळी किती वेळ जातो हे तेथे राहणाऱ्यांना सांगायला नको. म्हणून असे निदान झालेल्या किंवा संशय असलेल्या मुलाच्या घरी कोणत्या रुग्णालयात जायचे, हे आधीच ठरलेले असावे आणि मुलाचा रक्तगट लिहून ठेवलेला असावा.

तपासण्यांचा क्रम

फॅमिली डॉक्टरांकडे फारशी साधने लागत नाहीत. टॉर्चच्या उजेडात दोन्ही नाकपुड्या पाहाव्यात, मुलाला ‘आ’ करायला लावून टाळूचा मऊ भाग एका बाजूने खाली ढकलला गेला आहे का ते पाहावे, दोन्ही कान तपासावेत आणि रक्ताची साधी तपासणी करावी. वारंवार रक्त गेलेल्या मुलाचे हिमोग्लोबिन बरेच उतरलेले असू शकते. पूर्वी घशात बोट घालून नाकामागची जागा चाचपून पाहण्याची पद्धत होती. अशा मुलात ती टाळावी, कारण त्या स्पर्शानेही जोरदार रक्तस्राव होऊ शकतो. वय, मुलगा असणे, एकाच बाजूचे चोंदणे आणि एकाच बाजूचे रक्त, या चार गोष्टी जुळल्या की त्याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवावे. केवळ सायनसचा साधा एक्स-रे काढून थांबू नये, त्याने गाठ आहे की नाही याचा निकाल लागत नाही.

तज्ज्ञ बारीक दुर्बिणीने नाकाचा मागचा भाग पाहतात. अँजिओफायब्रोमा साधारणपणे गुळगुळीत, लालसर किंवा जांभळट आणि भरदार दिसतो. काही वेळा त्याच्या पृष्ठभागावर रक्तवाहिन्याही दिसतात. पाहणे पुरे असते, टोचणे किंवा ओढणे नको. याच्याशी गल्लत होणाऱ्या काही गोष्टी आहेत. सायनसमधून उगवून नाकाच्या मागे लोंबणारा साधा पॉलिप या वयात बऱ्याचदा दिसतो, पण तो सोललेल्या द्राक्षासारखा फिका आणि चकचकीत असतो आणि त्यातून सहसा रक्त येत नाही. वाढलेले अ‍ॅडिनॉइड, म्हणजे नाकामागे टॉन्सिलसारखे असणारे मांस, मधोमध असतात, दोन्ही बाजू अडवतात आणि लहान वयात जास्त आढळतात. तळ्यात-डबक्यात पोहणाऱ्यांना कधीकधी होणारा ऱ्हायनोस्पोरिडिओसिस स्ट्रॉबेरीसारखा लाल असून त्यावर पांढरे ठिपके असतात. पडद्याच्या पुढच्या भागावर वाढणारी रक्तवाहिन्यांची लहान गाठही स्पर्शाने वाहते, पण ती पुढेच दिसते. क्वचित कवटीच्या तळातील छिद्रातून मेंदूचे आवरण नाकात उतरलेले असते आणि ते वरवर पॉलिपसारखे दिसते; त्याचा तुकडा काढला तर मेंदूभोवतीचे पाणी नाकातून वाहू लागते. स्कॅनआधी तुकडा न काढण्याचे हे दुसरे, तितकेच भक्कम कारण आहे.

यानंतर शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन हवा. गालाच्या सायनसची मागची भिंत एरवी जवळजवळ सरळ दिसते. तिच्या मागच्या अरुंद पोकळीत गाठ वाढली की ती भिंत धनुष्यासारखी पुढे वाकते आणि पोकळी रुंदावते. १९६५ मध्ये नोंदवल्या गेलेल्या या खुणेला ती सांगणाऱ्यांच्या नावांवरून होलमन-मिलर चिन्ह म्हणतात. कळव्याच्या त्या मुलाच्या आईला मी फिल्म दिव्यावर लावून दाखवली तेव्हा डावीकडची सरळ रेषा आणि उजवीकडची वाकलेली रेषा यांतला फरक तिने माझ्याआधी बोट ठेवून सांगितला. पालकांनी फिल्म पाहायला मागण्यात संकोच करू नये. अर्थात मागे हळूहळू वाढणारी दुसरी गाठही ही भिंत वाकवू शकते. म्हणून त्याबरोबर गाठीचा उगम कोठे आहे आणि ती औषधाने किती उजळते, हेही पाहिले जाते. हाडाची झीज सीटीवर चांगली दिसते, तर डोळा, मेंदूचे आवरण आणि मोठ्या रक्तवाहिन्या यांच्याशी गाठीचे नाते एमआरआयवर कळते. एमआरआयवर गाठीतील वेगाने वाहणारे रक्त काळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसते. बहुतेक वेळा वय, दुर्बीण आणि हे दोन स्कॅन मिळून निदान पक्के होते आणि तुकड्याची गरजच उरत नाही.

स्कॅनचे चित्र नेहमीचे नसेल, गाठ फार झपाट्याने वाढत असेल किंवा रुग्ण मुलगी असेल, तर मात्र दुसऱ्या गाठींचा, कर्करोगाचाही, विचार करावाच लागतो आणि तेव्हा बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणे, टाळून चालत नाही. ती ऑपरेशन थिएटरमध्ये, भुलीखाली आणि रक्ताच्या पिशव्या तयार ठेवून करावी; ओपीडीच्या खुर्चीत कधीही करू नये. कुटुंबात कोणाला मोठ्या आतड्यात असंख्य पॉलिप होण्याचा आनुवंशिक आजार असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण अशा कुटुंबांतील मुलांमध्ये अँजिओफायब्रोमा इतरांपेक्षा जास्त आढळतो.

स्कॅन हाती आल्यावर गाठीची पायरी ठरवली जाते. १९९६ मध्ये मांडलेली रॅडकोव्स्की पद्धत बरीच प्रचलित आहे: पहिल्या पायरीत गाठ नाक, घशाचा वरचा भाग आणि सायनस यांपुरती असते, दुसरीत ती गालामागच्या पोकळ्यांत जाते आणि तिसरीत कवटीचा तळ झिजवते किंवा आत शिरते. रिपोर्टवर पायरी लिहिलेली नसेल तर ती विचारून घ्यावी, कारण ऑपरेशन कोठे करावे हे बऱ्याच अंशी तिच्यावरून ठरते.

रुग्णालय आणि दिवस

सुरुवातीची तपासणी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात करून घेता येते. नेरूळ आणि कामोठे येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. मध्य रेल्वेने शीव किंवा परळला उतरले की मुंबई महापालिकेची मोठी शिक्षण रुग्णालयेही आवाक्यात येतात. कोठेही गेलात तरी पुढच्या गोष्टी थेट विचाराव्यात: अशा गाठीची ऑपरेशने येथे होतात का, ती कोण करते, ऑपरेशनपूर्वी गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याची सोय याच इमारतीत आहे का, मुलांचा अतिदक्षता विभाग आणि रक्तपेढी आहे का, आणि गाठ कवटीच्या तळाशी असल्यास न्यूरोसर्जन बरोबर असतील का. चांगल्या सर्जनला हे प्रश्न खटकत नाहीत. शेजारीपाजारी ‘टाटाला दाखवा’ असे सांगतात आणि त्या एका शब्दाने घरात रडारड होते. म्हणून ही गाठ कर्करोगाची नाही, हे मुलालाही स्वच्छ शब्दांत सांगावे. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मोबाइलवर ‘ट्यूमर’ हा शब्द शोधून रात्रभर जागलेला असतो आणि कोणाला काही विचारत नाही.

खर्चासाठी रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच भेटावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन आणि रक्तपुरवठा बंद करण्याची प्रक्रिया कोणत्या पॅकेजमध्ये बसते, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि मुलाचे शाळेचे ओळखपत्र बरोबर असावे. रक्तदाते म्हणून दोन-चार नातेवाइकांची नावे आधीच ठरलेली असावीत.

दहावीच्या परीक्षेचा प्रश्न हमखास येतो. ‘मार्चनंतर करू’ असे पालक म्हणतात आणि त्यामागची काळजी मला समजते. गाठ लहान असेल, हिमोग्लोबिन चांगले असेल आणि रक्तस्राव किरकोळ असेल, तर सर्जनच्या देखरेखीखाली काही आठवडे थांबता येते. त्या काळात लोहाच्या गोळ्यांनी रक्तही भरून निघते. पण डोळ्यावर दाब येत असेल, गाठ कवटीच्या तळाशी पोहोचली असेल किंवा एकदा तरी रक्त देण्याची वेळ आली असेल, तर परीक्षेसाठी थांबू नये. बोर्डाची पुरवणी परीक्षा असते. गेलेली नजर परत आणण्याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

उपचार

मुख्य उपचार ऑपरेशन हाच आहे. त्याच्या साधारण एक ते तीन दिवस आधी एम्बोलायझेशन केले जाते. जांघेतील किंवा हाताच्या धमनीतून एक बारीक नळी गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीपर्यंत नेतात आणि तेथे सूक्ष्म कण सोडून ती वाहिनी बंद करतात. हा रक्तपुरवठा बहुधा मानेतील बाहेरील कॅरोटिड धमनीच्या, जबड्यामागून जाणाऱ्या शाखेतून येतो. त्यानंतर ऑपरेशनला फार दिवस लावू नयेत, कारण गाठ दुसऱ्या वाहिन्यांकडून रक्त ओढू लागते. नळी टाकलेली असताना घेतलेल्या अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या एक्स-रे चित्रात, दुसऱ्या बाजूने किंवा मेंदूकडे जाणाऱ्या आतील कॅरोटिड धमनीतूनही रक्त येत असल्याचे दिसले, तर तो भाग सहसा बंद करता येत नाही, कारण कण मेंदूकडे किंवा डोळ्याकडे गेल्यास पक्षाघात किंवा अंधत्व येऊ शकते. हे धोके विरळ आहेत, पण संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते मोकळेपणाने समजून घ्यावेत. प्रक्रियेनंतर एक-दोन दिवस गाल किंवा डोके दुखणे आणि बारीक ताप येणे नेहमीचे आहे.

१९९० च्या दशकापासून दुर्बिणीतून, नाकाच्या वाटेने गाठ काढण्याची पद्धत रुळत गेली आणि आता लहान-मध्यम गाठींसाठी तीच पहिली निवड असते. चेहऱ्यावर व्रण राहत नाही आणि मुलगा लवकर सावरतो. फार मोठ्या गाठींना ओठाच्या आतून किंवा चेहऱ्यावर छेद घेऊन वाट करावी लागते, तर कधी दोन्ही पद्धती एकत्र वापराव्या लागतात. छेद घ्यावा लागणार असे ऐकून काही पालक उठून जातात आणि ‘दुर्बिणीनेच करतो’ म्हणणारा दुसरा सर्जन शोधतात. माझे मत स्पष्ट आहे: गाठ पूर्ण निघणे हे पहिले, व्रण नंतर. गाठीचे मूळ ज्या हाडात असते ते हाड घासून स्वच्छ करणे हा ऑपरेशनचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय, कारण तेथे राहिलेला कोंबच पुढे पुन्हा वाढतो.

किरणोपचार क्वचितच दिले जातात. डोळ्याची नस किंवा मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेली, काढता न येणारी किंवा पुनःपुन्हा उद्भवणारी गाठ असेल तेव्हा त्यांचा विचार होतो, कारण वाढत्या वयात दिलेल्या किरणांमुळे चेहऱ्याच्या हाडांची वाढ खुंटणे, मोतीबिंदू होणे आणि अनेक वर्षांनी त्याच जागी कर्करोग होणे हे धोके असतात. पुरुषी संप्रेरकाचा परिणाम रोखणारे फ्लुटामाइड हे औषध वयात आलेल्या काही मुलांना ऑपरेशनपूर्वी गाठ आकसावी म्हणून दिले गेले आहे. तो सर्वमान्य उपचार नाही आणि त्याने यकृताला इजा होऊ शकते, म्हणून ते तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये. वयाबरोबर गाठ आपोआप विरल्याची उदाहरणे आहेत, पण ती इतकी थोडी आहेत की त्या आशेवर मुलाला तसेच ठेवणे मला कधीच पटलेले नाही.

घरी आल्यावर

रक्त येऊ नये म्हणून ऑपरेशननंतर नाकात भरलेला पॅक एक ते तीन दिवसांत काढतात. त्यानंतर काही आठवडे नाकात खपल्या धरतात. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मिठाच्या पाण्याने नाक धुणे हाच त्यावरचा मुख्य इलाज आहे आणि कंटाळून तो सोडू नये. साधारण तीन ते चार आठवडे नाक जोरात शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडून द्यावी, जड वस्तू उचलू नये आणि क्रिकेट, कबड्डी, पोहणे बंद ठेवावे. शाळेत दोन-तीन आठवड्यांनी जाता येते, मात्र वर्गशिक्षकांना घोळण्यावरचे प्रथमोपचार सांगून ठेवावेत. गालाला किंवा टाळूला बधिरपणा, एक डोळा कोरडा पडणे, तोंड पूर्ण न उघडणे या तक्रारी मोठ्या गाठींच्या ऑपरेशननंतर राहू शकतात. त्यांतील काही हळूहळू कमी होतात. स्वच्छ पाण्यासारखा द्रव एका नाकपुडीतून सतत टपकत असेल, तीव्र डोकेदुखीबरोबर ताप आला असेल किंवा नजर धूसर वाटत असेल, तर वाट न पाहता रुग्णालयात परतावे.

या आजारात गाठ पुन्हा येणे म्हणजे बहुतेक वेळा आत राहिलेला अंश वाढणे असते आणि ते पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक घडते. म्हणून दुर्बिणीची तपासणी ठरल्या वेळी करावी आणि ऑपरेशननंतर साधारण तीन-चार महिन्यांनी औषधासह एमआरआय करून घ्यावा. पुढे सर्जन सांगतील त्या अंतराने, किमान पाच वर्षे, ही पाहणी चालू ठेवावी. मुलगा अकरावी-बारावीत गेला, बरा दिसू लागला की या तारखा हमखास चुकतात. एमआरआयवर लहानसा अंश दिसला आणि तो वाढत नसेल, तर लगेच दुसरे ऑपरेशन न करता ठरावीक काळाने पाहत राहणेही योग्य असू शकते. प्रत्येक वेळी येताना नव्या स्कॅनबरोबर ऑपरेशनपूर्वीच्या आणि नंतरच्या पहिल्या स्कॅनची सीडी आणावी, कारण नुसत्या लेखी अहवालावरून तो अंश वाढला की तेवढाच आहे, हे सांगता येत नाही.